पत्र्याच्या थेटरापुढे मी उभा होतो

नकाशेकाकांवर आयुष्यात वाईट प्रसंग पुष्कळ आले. पण होणाऱ्या व्याह्यांच्या दिवाणखान्यात, हातात काठोकाठ भरलेली कपबशी असताना आलेला हा पहिलाच. कपबशी हातात असली की माणसाला ताडकन उठता येत नाही, हातवारे करून भांडता येत नाही, आणि नुसतं तोंड वाकडं केलं तरी यजमानीणबाई विचारतात, साखर कमी पडली का. काकांना विचारलंच. ते नाही म्हणाले आणि मुकाट्यानं प्यायले.

झालं होतं एवढंच, की लेकीचं लग्न ठरल्यावर सगळे पहिल्यांदाच निवांत जमले होते आणि होणाऱ्या जावयाला कामावरून यायला जरासा उशीर झाला. विहीणबाईंनी मुलाच्या वतीनं चारचौघांसारखी दिलगिरी व्यक्त केली. त्यावर काकूंनी "असू द्या हो" एवढं म्हटलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण काकू म्हणाल्या, "उशिरा का होईना, आला तरी. आमचे हे तर आलेच नव्हते." मग काय, सगळ्यांनी "म्हणजे काय, म्हणजे काय" करत खुर्च्या पुढं ओढल्या, आणि काकूंनी ती गोष्ट सांगितली. काकू गोष्ट फार छान सांगतात. हेच तर दुखणं आहे.

गोष्ट जुनी होती. यांचं लग्न ठरलं तेव्हा काका या गावात पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायला नुकतेच लागले होते आणि काकू गावच्याच. दोघांना एकदा तरी निवांत भेटायचं होतं. काकूंच्या भावानं मधे पडून दोन्हीकडे निरोप पोचवला, की शनिवारी दुपारच्या खेळाला, तो नवा सिनेमा. सिनेमाचं नाव सांगितलं म्हणजे सगळं सांगितलं, कारण त्या दिवसांत गावाच्या तोंडी तो एकच सिनेमा होता. काकू ठेवणीतले कपडे घालून पायऱ्यांच्या थेटरापाशी जाऊन उभ्या राहिल्या. पहिली घंटा झाली, दुसरी झाली. ओळखीची चार माणसं थांबून विचारून गेली, काय गं, कुणाची वाट बघतेस. काका आले नाहीत. काकू थेट घरी गेल्या, आणि पुढं मोठ्या मनानं त्यांनी काकांना माफ केलं.

काकांचं म्हणणं अगदी उलट. इस्त्रीचा शर्ट घालून, दोन तिकिटं मुठीत धरून ते पत्र्याच्या थेटरापुढे उन्हात उभे होते. काकू आल्या नाहीत. काकांनी तिकिटं फाडली, घरी गेले, आणि पुढं मोठ्या मनानं त्यांनी काकूंना माफ केलं.

तर असा हा संसार दोन माफ्यांवर उभा होता आणि खरं सांगायचं तर चांगला भक्कम उभा होता. काका एखादी गोष्ट विसरले की काकू काही बोलत नसत, नुसत्या खिडकीबाहेर बघत. त्या बघण्यात पायऱ्यांचं थेटर असे. काकूंचा भाऊ मुक्काम लांबवू लागला की काका एक सुस्कारा टाकत. त्यात पत्र्याचं थेटर असे. दोघांनीही आपली माफी जपून जपून वापरली होती. पण ती घराबाहेर कुणी कधी काढली नव्हती.

"मी पत्र्याच्या थेटरापुढे उभा होतो," काका कपबशी सावरत म्हणाले.

"पत्र्याचं थेटर तेव्हा बंद होतं," काकू शांतपणे म्हणाल्या. "गाव माझं आहे. मला माहीत नाही होय?"

बंद थेटरापुढे तिकिटं घेऊन उभा असलेला माणूस सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आला आणि हशा पिकला. लेक हसली. जावई अजून जावई झाला नव्हता तरी हसला. व्याही मात्र हसले नाहीत. ते सज्जन गृहस्थ. त्यांनी काकांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "असं होतं कधीकधी." हे वाक्य काकांच्या जे जिव्हारी लागलं, ते हशापेक्षा शंभर पटीनं.

घरी येताना काकांनी रस्त्यातच जाहीर केलं, की पत्र्याचं थेटर कुठं होतं, कधी सुरू होतं आणि कधी बंद पडलं, हे ते शोधून काढणार आणि नकाशावर मांडून व्याह्यांच्या हातात देणार. काकू म्हणाल्या, भाजी घ्यायची आहे, थांबा जरा. काकांनी तेही अपमानाच्या खात्यात टाकलं.

आता थेटर शोधणं म्हणजे काही हरवलेली किल्ली शोधणं नव्हे, असं कुणालाही वाटेल. एवढं मोठं थेटर, जाईल कुठं? शिवाय ज्या माणसाचा जन्म या गावाच्या पोटातली पाइपलाइन कागदावर काढण्यात गेला, कुठल्या गल्लीत जमिनीखाली कुठला व्हॉल्व्ह आहे हे जो झोपेत सांगेल, त्याला जमिनीवरचं थेटर सापडू नये? पण नाहीच सापडलं. काका तेव्हा गावात नवखे होते. ते आपले पाटीवरचा बाण बघत आणि लोकांना विचारत थेटरापाशी पोचले होते. नंतर गाव चारी अंगांनी सुटलं होतं. ज्या पडक्या भिंतीपासून डावीकडं वळल्याचं त्यांना पक्कं आठवत होतं ती भिंतही गेली होती आणि ते डावंही गेलं होतं.

मग काकांनी एक चूक केली. काकूंना विचारणं म्हणजे हार खाणं, म्हणून त्यांनी शेजाऱ्यांना विचारलं.

खालच्या मजल्यावरचे हेडमास्तर निवृत्त झाले असले तरी त्यांचा ठामपणा अजून नोकरीत होता. त्यांनी डोळे मिटले आणि पत्र्याचं थेटर धान्यबाजाराच्या मागं असल्याचं सांगितलं, वर काकांकडून ते दोनदा म्हणवून घेतलं. कोपऱ्यावरच्या शिंप्याचं म्हणणं, काहीतरीच काय, ते जुन्या बसथांब्यापाशी. तिथला पडदा माझ्या वडिलांनी शिवला होता. विमावाल्यानं थेटर तळ्याकाठी असल्याचं सांगितलं आणि जाता जाता, या वयात उन्हातान्हात हिंडताय तर एक लहानशी पॉलिसी घेऊन ठेवा असं सुचवलं. वरच्या मजल्यावरच्या वहिनी फक्त एवढंच म्हणाल्या, की मला विचाराल तर माफी मागून मोकळे व्हा, माणूस सुखी होतो. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

काका रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरून बसत आणि ही सगळी माहिती रंगीत पेन्सिलींनी भरत. पत्र्याचं थेटर त्या कागदावर गावभर हिंडलं. एकदा तर शिंपी आणि विमावाला या दोघांचा मान राखायच्या नादात ते बरोबर तळ्याच्या मधोमध आलं. काकू ताटं घेऊन उभ्या राहत आणि विचारत, तुमचं थेटर जरा बाजूला सरकवता का, वरण सांडेल.

एक मात्र झालं. पत्र्याचं थेटर विचारलं की लोक भलत्याच थेटरांची हकीगत सांगायचे, आणि ती ऐकून काका मनातून हळवे व्हायचे. पायऱ्यांच्या थेटराचा आता लग्नाचा हॉल झाला होता आणि पडद्याच्या जागी नवरा-नवरी बसत. कालव्याकडच्या थेटरात बटाटे साठवत. स्टेशनाजवळच्या थेटराची भावाभावांत कोर्टकचेरी लागली होती आणि तोवर बाल्कनीत एक झाड चांगलं हातभर बुंध्याचं झालं होतं. जिथं शेकडो माणसं एकदम हसली, एकदम रडली, त्या जागा अशा गुपचूप गेल्या आणि कुणी चार माणसं गोळा करून साधा शोकही केला नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी नकाशावर त्या थेटरांनाही जागा दिली. काकूंना ते दिसलं होतं.

मग काका मोजायचा टेप घेऊन बाहेर पडले. धान्यबाजाराच्या मागच्या जागेवर टायरांचं गोदाम होतं. काकांनी फूटपाथपासून टेप लावला मात्र, आणि ओळीतल्या दुकानांत एकदम पळापळ झाली. बाहेर मांडलेलं सामान आत गेलं, पुढं आलेल्या कनाती मागं गेल्या, आणि टायरवाल्यानं खुर्ची आणि थंड पेय एकदमच पुढं केलं. साहेब, दोन दिवस द्या, स्वतः काढतो, तोडायला लावू नका, असं तो अजिजीनं म्हणाला. काकांनी मी अतिक्रमणवाला नव्हे असं सांगितलं, त्यावर त्यानं डोळे मिचकावले आणि बिस्किटंही मागवली. काकांचा टेप गुंडाळून होईपर्यंत तो रस्ता गेल्या कित्येक वर्षांत झाला नव्हता इतका रुंद झाला होता.

बसथांब्यापाशी प्रसूतीचं रुग्णालय होतं. तिथल्या मागच्या भिंतीवर उंचावर एक चौकोनी भोक बुजवल्यासारखं दिसत होतं, आणि ते प्रोजेक्टरचंच असणार अशी काकांची खात्री पटली. ते आत शिरले आणि भिंत शोधत शोधत व्हरांड्यात बाकावर टेकले. तेवढ्यात एक परिचारिका आली, तुम्ही आजोबा ना, असं म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता दुपट्यात गुंडाळलेलं एक बाळ त्यांच्या मांडीवर देऊन गेली. काकांना हलता येईना. बाळानं एक डोळा उघडून त्यांच्याकडं बघितलं आणि परत मिटला. खरे आजोबा धापा टाकत आले तेव्हा काकांनी त्यांचं अभिनंदन केलं. त्यांनीही काकांचं केलं, कारण त्यांना वाटलं हे पलीकडच्या बाजूचे. भोक पंख्याचं निघालं.

इतकं झाल्यावर शहाणा माणूस घरी बसला असता. काका नगरपालिकेत गेले.

तिथला कारकून स्वभावानं वाईट नव्हता, उलट मदत करायची त्याला फार हौस होती, आणि त्यानंच घात झाला. काकांनी एका जुन्या थेटराची माहिती मागितली. त्यानं जागेचा क्रमांक विचारला. काका म्हणाले, तोच तर मी शोधतोय. कारकून म्हणाला, क्रमांक असल्याशिवाय फाइल निघत नाही, आणि फाइल निघाल्याशिवाय क्रमांक कळत नाही. दोघं काही वेळ एकमेकांकडं सहानुभूतीनं बघत राहिले. शेवटी कारकुनाला युक्ती सुचली. कार्यालयात चित्रपटगृह या विषयाचा एकच छापील अर्ज होता. तो भरला म्हणजे नवी फाइल उघडणार, आणि नवी फाइल उघडली की नियमाप्रमाणे जुन्या सगळ्या फायली तिला जोडायला वर याव्यात. काकांना ही गोष्ट फारच शास्त्रशुद्ध वाटली. त्यांनी अर्ज सुवाच्य अक्षरात भरला. छप्पर कशाचं, तर पत्र्याचं. बसायची सोय किती, तर भरपूर, शिवाय पुढं बाकडी. अर्ज करण्याचं कारण या रकान्यात त्यांनी क्षणभर विचार करून लिहिलं, "प्रश्न माझ्या इभ्रतीचा आहे."

जुन्या फायली काही वर आल्या नाहीत. आठवड्याभरानं स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर सूचना मात्र आली. काकांचं नाव वडिलांच्या नावासकट, पत्ता मजल्यासकट, आणि मजकूर असा, की सदर अर्जदारांनी पत्र्याचं छप्पर असलेलं चित्रपटगृह उभारण्याची परवानगी मागितली असून कुणाची हरकत असल्यास अमुक दिवशी सुनावणीला हजर राहावं.

गावाला हरकत होती का नव्हती ते बाजूला राहू द्या. गावाला तोंड होतं. सकाळपासून दाराची घंटा थांबेना. हेडमास्तर गोंगाटाबद्दल हरकत घेऊन गेले आणि पायरीवरून परत येऊन शेवटच्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीबद्दल बोलून गेले. शिंप्यानं पडद्याचं माप मागितलं. विमावाला आगीच्या विम्याचे कागद घेऊन आला. मध्यंतरात चहा-वडे विकायचा ठेका आम्हालाच द्या म्हणून दोन माणसं आली आणि जिन्यातच एकमेकांशी भांडली. वहिनी वरून म्हणाल्या, तरी मी सांगत होते.

संध्याकाळी व्याही आले, बरोबर विहीणबाई. सज्जन माणसं, आडवळणानंच बोलली. म्हणे, नोकरी संपल्यावर माणसाला काहीतरी उद्योग लागतोच. पण थेटर म्हणजे जरा मोठंच झालं. आणि तुमची तब्येत, घरचे, सगळं ठीक आहे ना. काकांनी सगळा खुलासा केला. खुलासा जसजसा पुढं सरकला तसतसे व्याही जास्तच मायेनं मान डोलवू लागले. निघताना त्यांनी काकांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि परत तेच वाक्य म्हणाले.

दार लावून काकू आत आल्या त्या चिडलेल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर काकांना सोपं गेलं असतं. त्या टेबलाशी बसल्या आणि नकाशाकडं बघत म्हणाल्या, "एकदा म्हणाला असतात, की नाही जमलं मला यायला, तर मी केव्हाच विसरले असते हो. तुम्ही ते खोटं पाडायला निघालात."

"मी खोटं बोलत नाहीये."

"मग मी बोलतेय?"

काका रंगीत पेन्सिली गोळा करू लागले. इतके दिवस त्यांना वाटत होतं, आपल्याला व्याह्यांना दाखवायचंय. आता लक्षात आलं, व्याही गेले उडत. हिनं एकदा, फक्त एकदा, तुम्ही आला होतात असं म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं, आणि ते मिळायचं लांबच राहिलं, उलट आपण तिलाच खोटं ठरवून बसलोय. त्यांनी कागद गुंडाळला आणि सुनावणीला जाऊन अर्ज मागं घेतो असं कबूल केलं. पत्र्याचं थेटर सापडलं नाही, सापडणारही नाही. हरलो, असं ते मनाशी म्हणाले, आणि ते खरोखरच हरल्यासारखे दिसत होते.

सुनावणी नगरपालिकेच्या नव्या इमारतीतल्या दालनात होती. समोर अधिकारी, पंख्याचा खडखडाट, आणि भिंतीकडेच्या बाकावर एक कडक इस्त्रीचे, काठीवाले म्हातारे गृहस्थ. गावातून लेखी हरकत अशी ती त्यांची एकट्याची होती. काका उठून अर्ज मागं घ्यायचं बोलणार, इतक्यात तेच उठले. अधिकाऱ्यांनी थोडक्यात सांगा म्हटलं, पण ते थोडक्यातले नव्हते.

त्यांची हरकत अशी होती, की या भल्या माणसाला कुणीतरी आवरा. या गावात थेटर चालत नाही. मी चालवून बघितलंय. आणि काठी उचलून ते म्हणाले, "इथंच. साहेब बसलेत ना, तिथं माझा पडदा होता."

अधिकाऱ्यांनी नकळत मागं वळून भिंतीकडं बघितलं. कारकुनानंही बघितलं. काकांनी मात्र पायाखालच्या फरशीकडं बघितलं. ज्या थेटरासाठी त्यांनी अख्खं गाव मोजलं, त्याच थेटरात उभं राहून ते त्याची माहिती मागत होते.

"पत्र्याचं?" त्यांनी विचारलं.

"पत्र्याचंच. लोक हसायचे. हसू देत."

मग काकांनी सुनावणीबिनावणी विसरून त्या शनिवारचं विचारलं, त्या सिनेमाचं विचारलं. म्हाताऱ्यांचा चेहरा उजळला. साल त्यांना आठवेना, सिनेमाचं नावसुद्धा आधी त्यांनी दुसरंच सांगितलं, पण ती गर्दी त्यांना आठवत होती. त्यांचं थेटर तेव्हा खरंच बंद पडलेलं होतं, कितीतरी दिवस. पायऱ्यांचं थेटर त्यांच्या थोरल्या भावाचं, आणि दोघा भावांचं बोलणं बंद. पण तो सिनेमा असा काही चालला की थोरल्याला गर्दी आवरेना. मग त्याच्या मॅनेजरकरवी निरोप आला, की झाडून ठेव. कुलूप काढलं, बाकडी पुसली, आणि तोच सिनेमा त्यांनीही लावला. जाहिरात थोरल्याची कालव्याच्या त्याच्या अंगाला, यांची यांच्या अंगाला. एकानं दुसऱ्याचं नाव कागदावर घ्यायचं नाही. कालवा ओलांडून पलीकडं काय लागलंय ते अलीकडच्याला कळायची सोय नव्हती. त्या एका सिनेमापुरतं थेटर उघडलं. पुढं मोठा वारा सुटला, पत्रे उडाले, ते परत काही बसवले नाहीत.

"पण प्रिंट दोघांत एकच, बरं का," म्हातारे म्हणाले. "थोरल्याकडं एक रीळ संपलं, की डबा सायकलवर टाकून माणूस माझ्याकडं सुटायचा. त्याचा खेळ आधी, माझा अर्ध्या तासानं. बोलत नव्हतो आम्ही, पण रिळं कधी थांबली नाहीत."

अधिकाऱ्यांनी घड्याळ बघून विचारलं, अर्ज मागं घेताय का. काका म्हणाले, साहेब, असा अर्ज मी केलेलाच नव्हता. मग जो केला नाही तो मागं कसा घेता येईल, असा पेच पडला, आणि तो सोडवायला काकांना, पूर्वीचा अर्ज हा अर्ज समजू नये, असा आणखी एक अर्ज करावा लागला. तो त्यांनी कशावर सही करतोय हे न बघता दिला.

घरी जाताना काका चालत गेले. खरं म्हणजे त्यांनी उड्या मारायला हव्या होत्या. थेटर सापडलं होतं, ते सुरू होतं, आणि साक्षीदार हयात होता. पण उड्या येईनात. मी तिथं होतो हे ज्या तोंडानं सिद्ध झालं, त्याच तोंडानं तीही तिथं होती हे सिद्ध झालं होतं. ती पायऱ्यांवर उभी होती. चार माणसं तिला विचारून गेली होती. आणि इतकी वर्षं आपण सुस्कारे टाकले. काकांना स्वतःची लाज वाटली आणि बायकोबद्दल एकदम इतकी माया दाटून आली की रस्ता ओलांडताना त्यांना दोनदा हॉर्न ऐकू आले नाहीत.

काकू धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. काकांनी चप्पलसुद्धा न काढता सगळं सांगितलं. भाऊ, बंद बोलणं, एक प्रिंट, सायकल. काकूंचा हात एका टॉवेलावर थांबला तो थांबलाच.

"म्हणजे तुम्ही खरंच उभे होतात," त्या शेवटी म्हणाल्या.

"तूही होतीस."

"किती वेळ?"

"दारवान दार लावायला लागला तोवर."

"आणि मग तिकिटं फाडलीत."

काका चप्पल काढायच्या निमित्तानं खाली वाकून म्हणाले, "फाडली नाहीत. आत गेलो. दुसरं तिकीट एका म्हाताऱ्याला दिलं. तो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून सबंध सिनेमाभर झोपला."

काकू रागावतील असं त्यांना वाटलं होतं. काकूंनी टॉवेलाची घडी मोडली, परत घातली, आणि म्हणाल्या, "मीही गेले होते. तयार होऊन आले होते, मग काय तशीच परत जाऊ?"

दोघंही थोडा वेळ एकमेकांकडं बघेनात. मग काकांना काहीतरी आठवलं. त्यांच्या थेटरात मधेच पडदा काळा झाला होता आणि रीळ काही येईना. लोक बाकडी आपटत होते, मालकाच्या नावानं ओरडत होते, आणि ते अंधारात बसून काकूंवर मनसोक्त चिडून घेत होते. हे त्यांनी सांगितलं, तशा काकू एकदम कपड्यांच्या ढिगाकडं वळल्या.

"आमच्याकडं गाणं परत लावायला लावलं होतं," त्या पुटपुटल्या. "कुणीतरी शिट्टी मारली आणि मग सगळेच वन्स मोअर म्हणून ओरडायला लागले. त्यात रीळ अडकलं असेल."

"कुणी मारली शिट्टी?"

काकूंचे कान लाल झाले होते.

"तू?"

"मला राग आला होता."

"राग आल्यावर कुणी शिट्टी मारतं?"

"मग काय रडायचं होतं?" काकू म्हणाल्या, आणि त्यांना जे हसू फुटलं ते थांबेना. काकांनाही थांबेना. घड्या घातलेला ढीग कलंडला. इतका संसार झाला, दुखणी निघाली, लेक वाढवली, आणि या बाईला शिट्टी मारता येते हे काकांना माहीतच नव्हतं. काका मग म्हणाले, की एका अर्थी तो सिनेमा आपण बरोबरच बघितला म्हणायचा. तुझी बघून झालेली रिळं माझ्याकडं येत होती. काकू डोळे पुसत म्हणाल्या, हो, आणि तुम्ही तेव्हापासून अर्धा तास मागंच आहात.

हसणं ओसरल्यावर घर एकदम रिकामं वाटलं. दोघांनी जपून ठेवलेली माफी संपली होती. आता कुणाचं कुणाकडं काही निघत नव्हतं. काका चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले. तेवढ्यात बाहेरून काकूंचा फोनवरचा आवाज आला, म्हणून ते भांडं हातात धरून तसेच ऐकत राहिले.

फोन विहीणबाईंना होता. नाही हो, थेटरबिटर काही काढत नाहीयेत, असं काकू आधी म्हणाल्या. मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं, हसूनच असावं, कारण काकूंचा आवाज एकदम गंभीर झाला.

"मी तुमच्याकडं सगळ्यांपुढं सांगितलं ना, तसंच तुम्हीही सगळ्यांना सांगा," त्या म्हणाल्या. "हे आले होते. ऊन होतं, तरी उभे होते. मला माहीत नव्हतं, एवढंच."

काकांना भरून आलं. त्यांनी भांडं नळाखाली धरलं, ते भरलं, वाहायला लागलं, तरी ते तसेच धरून उभे होते. फोन ठेवून काकूंनी बाहेरूनच हाक मारली, की अहो, नळ बंद करा, पाणी चाललंय.